जरीच्या जाकिटाची घडी

मुलांनो, पुढे वाचण्याआधी एक काम करा. उठून उभे राहा आणि एका हाताचं बोट समोर रोखा. आता अशी कल्पना करा, की समोर कुणीतरी उभं आहे आणि त्याचंही बोट तुमच्यावर रोखलेलं आहे. तुम्हाला त्याच्या अंगाला बोट लावायचंय, पण त्याचं बोट स्वतःला लागू द्यायचं नाही. पाय हलवायचे ते एका अरुंद पट्टीवर, पुढे नाहीतर मागे. जमतंय? आता बोटाच्या जागी एक बारीक, लवचिक पात्याची तलवार आणा. तिच्या टोकाला एक बटण आहे. ते दाबलं गेलं की दिवा लागतो. अंगात जरीचं जाकीट आहे, म्हणजे ज्याच्या कापडात धातूच्या तारा विणल्या आहेत असं. टोक त्या जाकिटावर लागलं तर रंगीत दिवा लागतो आणि गुण मिळतो. हातावर, पायावर लागलं तर पांढरा दिवा लागतो. पांढरा म्हणजे लागलं खरं, पण भलतीकडे. गुण नाही.

झालं. बसा आता खाली. एवढी तलवारबाजी आजच्या प्रकरणाला पुरे. आपल्या गुंडीलाही एवढीच येत होती, आणि म्हणूनच गेल्या आठवड्यात जे झालं ते तिला अजिबात कळलं नव्हतं.

झालं होतं ते असं. गुंडीच्या बाबांची सगळ्यात धाकटी बहीण, म्हणजे तिची आत्या, देशोदेशी ही तलवारबाजी खेळते. घरात तिला सगळे ‘सुई’ म्हणतात. बारीक आहे आणि टोचते, म्हणून. तर सुईचा उपांत्य सामना लांब परदेशात चालला होता आणि इकडे घरचे सगळे आपल्याच लाँड्रीच्या काउंटरवर एका छोट्या पडद्याभोवती डोकी जुळवून बसले होते. दोघींचे गुण सारखे झाले होते. पुढचा गुण जिचा, सामना तिचा. समोरची उंच मुलगी झेपावली, तिचं टोक आत्याच्या बरगडीपाशी लागलं आणि दिवा लागला. पांढरा. बाबांनी सुस्कारा सोडला.

मग आत्याने मुखवटा काढला. ती सरळ पंचांकडे गेली, स्वतःच्या बरगडीवर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलली. पंचांनी त्या उंच मुलीची तलवार मागून घेतली आणि टोक त्या जागी दाबलं. पांढरा दिवा. दोन बोटं बाजूला दाबलं. रंगीत. पुन्हा पहिल्या जागी. पांढरा. जाकीट तेवढ्या जागी मेलेलं होतं, म्हणजे तिथे वीज पोचत नव्हती. पंच आपसात बोलले, गुण त्या मुलीला दिला आणि सामना संपला. आत्याने तलवार उभी धरून सलाम केला, हात मिळवला आणि ती पडद्याबाहेर निघून गेली.

“सांगितलं कशाला हिने?” काका रिकाम्या पडद्याला म्हणाला होता. गुंडीच्या डोक्यात तेव्हापासून तोच प्रश्न होता.

आज रविवार. आत्या पहाटे घरी आली होती आणि सगळे दुकानामागच्या खोलीत जेवायला बसले होते. या घरात रविवारी इस्त्रीच्या लांब टेबलावरच जेवतात. टेबलाला कालच्या इस्त्रीचा वास अजून असतो, आणि डोक्यावरच्या दांड्याला गिऱ्हाइकांचे कपडे कागदी पिशव्यांत टांगलेले असतात. काकाच्या कानाला कुणाच्यातरी कोटाची बाही लागत होती. तो ती दर घासाला झटकत होता.

टेबलाच्या टोकाला आजोबा. त्यांचा उजवा हात मागच्या आजारपणात अधू झाला, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. तेव्हापासून इस्त्री बाबांकडे गेली, डाग काढायचं काम आईकडे गेलं, काका तर आधीपासूनच विम्याच्या कचेरीत. आजोबांकडे एक काम उरलं होतं, घड्या घालायचं. कॉलर हनुवटीखाली धरायची, डाव्या हाताने दोन्ही बाजू आत घ्यायच्या आणि मग मधोमध एकदा दुमडायचं. कोपऱ्याला कोपरा असा बसायचा की शेजारपाजारचे लोक कुणाचंही कपाट उघडलं की सांगायचे, हा शर्ट यांच्या लाँड्रीतून आलाय. घरातल्या प्रत्येकाला ती घडी येत होती. गुंडी तर अक्षरं गिरवायच्या आधी ती शिकली होती.

“जेव आधी,” आई आत्याला म्हणाली.

“जेवतेय की, वहिनी.”

“ताटातलं इकडून तिकडे ढकलणं म्हणजे जेवणं नव्हे.”

“मला एकच समजावून सांग,” काका म्हणाला. बाही झटकायला तो क्षणभर थांबला. “तो पांढरा दिवा तू लावलास का?”

“नाही.”

“पंचांनी तुला काही विचारलं?”

“नाही, भाऊ.”

“मग न विचारता उत्तर द्यायची ही सवय शाळेत असताना कुठे गेली होती? तेव्हा तर विचारलं तरी खांबासारखी उभी राहायचीस.”

आत्यालाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

“भाऊजी, तिने केलं ते बरोबर केलं,” आई म्हणाली.

“बरोबर केलं ते मला कळतंय, वहिनी. मी विचारतोय केलं कशाला.”

गुंडीला वाटलं, हे दोन्ही एकच तर आहे. मग वाटलं, नसेल. ती पाणी प्यायली.

बाबांनी घसा खाकरला. घरात काही अवघड बोलायचं असलं की ते आधी घसा खाकरतात, त्यामुळे सगळे आपोआप गप्प होतात. “तुझ्या मास्तरांचा फोन आला होता. ते येताहेत. पुढच्या आठवड्यातल्या स्पर्धेसाठी आज संध्याकाळपर्यंत नाव कळवायचंय. ही शेवटची संधी आहे, सुई. इथे वर आलीस तर जागतिक स्पर्धेच्या संघात घेतील. नाहीतर...”

“मी जात नाहीये, दादा.”

कोपऱ्यातला वाफेचा बंब रविवारी बंद असतो, तरी सगळ्यांनी तिकडेच पाहिलं.

“या स्पर्धेला?”

“कुठल्याच. पुरे झालं आता.”

आता गुंडीची अपेक्षा अशी, की काका म्हणेल, नको जाऊस, अशी हरतेस तर कशाला जायचं. पण काकाने ताट बाजूला सारलं. “हे बघ, मी रागाच्या भरात बोललो. माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस. जा तू. एवढी वर्षं घासलीस ती काय घरी बसायला?”

आणि आई, जी आत्ताच आत्याच्या बाजूने भांडत होती, ती म्हणाली, “भाऊजी, तिला नको असेल तर नको. माणूस थकतं.”

“थकते कसली? सुई आहे ती.”

“सुयाही बोथट होतात.”

गुंडीने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. एका मिनिटात दोघांनी जागा बदलल्या होत्या आणि दोघंही आत्याच्याच बाजूने बोलत होते. तिला वाटलं, मोठ्यांच्या भांडणालाही दिवे हवे होते. कुणाचं कुठे लागलं ते तरी कळलं असतं.

“थकले नाहीये, वहिनी,” आत्या हळूच म्हणाली. दारातून दुकान दिसत होतं. काउंटरच्या वर, ‘हरवलेल्या चिठ्ठीस दुकान जबाबदार नाही’ या पाटीशेजारी एका खिळ्याला तिचं पदक लटकत होतं. गेल्या वर्षीचं, कांस्य. आजोबांना त्या शहराचं नाव उच्चारता येत नसे, पण गिऱ्हाइकाला पदक दाखवल्याशिवाय ते सुटे परत देत नसत. “ते तेवढं काढा तिथून.”

“का?”

“ते माझं आहे की नाही, मला माहीत नाही.”

आत्या पुढे म्हणाली, “जाकीट आत्ता मेलं की केव्हाचं मेलंय, कुणी सांगावं? त्या पदकाच्या सामन्यात समोरचीचे पांढरे दिवे लागले होते. मला वाटलं, दंडावर लागलं असेल. लढताना नेमकं कुठे लागलं ते दर वेळी कळतंच असं नाही. या वेळी टोक जोरात रुतलं म्हणून कळलं. आता डोळे मिटले की मला सगळे जुने पांढरे दिवे दिसतात. त्यातला खरा कुठला आणि जाकिटाचा कुठला?”

“पण आत्या,” गुंडी म्हणाली, “जाकीट आधी तपासतात ना? शिक्का मारतात ना?”

“मारतात. या वेळीही मारला होता. आदल्या दिवशी सगळं जाकीट तपासलं, एकही जागा मेलेली नव्हती.”

“मग?”

“मग ते रात्रभर बॅगेत...” आत्या थांबली. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं आणि पटकन ताटात पाहिलं. गुंडीला ते दिसलं, पण कळलं नाही.

आजोबा एवढा वेळ गप्प जेवत होते. डाव्या हाताने जेवायला वेळ लागतो. त्यांनी चमचा खाली ठेवला. “बाकीचं राहू दे. जाकीट मेलं कसं, ते सांगा मला.”

आणि मुलांनो, इथून पुढे जे झालं त्याने गुंडी पुरती चक्रावून गेली. या घरात एखाद्या कोटाचं बटण हरवलं, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आज मात्र...

“माझ्यामुळे, अण्णा,” बाबा म्हणाले. आजोबांना त्यांची मुलं अण्णा म्हणत. “मी ते गरम पाण्यात धुतलं.”

“तुम्ही कुठे धुतलंत?” आई लगेच म्हणाली. “मी धुतलं. वर डाग काढायचं औषधही लावलं. जास्त झालं असेल.”

“औषधाबिषधाने काही नाही,” काका म्हणाला. “निघताना बॅग मी उचलली होती. पायरीवर हातातून सुटली.”

“बॅग पडून जाकीट मरतं होय?”

“आत तलवारी होत्या, वहिनी. टोकं असतात त्यांना.”

“त्यांच्या टोकाला बटण असतं, काका,” गुंडी म्हणाली. “टोक रुतून भोक नाही पडत.”

“तू जेव.”

“घाम,” आत्या म्हणाली. “माझा घाम. घामाने जरीच्या तारा काळ्या पडतात, अण्णा. दुसरं काही नाही.”

आजोबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “एका जाकिटाला चौघांनी मिळून मारलंत म्हणजे. बरंच चिवट असणार.”

कुणी हसलं नाही. काकाने बाही झटकली. कोटाची बाही आता त्याच्या कानाला लागतही नव्हती.

गुंडी खुर्चीवरून उतरली. तिला आत्याचा राग नव्हता आला, काकाचाही नाही. तिला फक्त कळत नव्हतं, आणि कळत नसलं की तिला एका जागी बसवत नसे. आत्याची बॅग दुकानातच पडलेली होती. जाकीट अगदी वर होतं, घडी घातलेलं. त्याच्या खाली वायरी, पेचकस आणि मास्तरांनी दिलेला टेस्टर होता. टेस्टर म्हणजे एक छोटी डबी, तिला दोन वायरी आणि एक इवलासा दिवा. एका वायरीचा चिमटा जाकिटाला लावायचा आणि दुसरीचं टोक कापडावर ठेवायचं. तिथल्या जरीच्या तारा जिवंत असल्या तर दिवा लागतो. आत्याने तिला तो वापरायला शिकवला होता.

गुंडीने जाकीट काउंटरवर पसरलं. चिमटा कॉलरला लावला. बाबा इस्त्री फिरवतात तसं टोक वरून खाली नेलं, मग पुन्हा वरून खाली, मधे जागा न सोडता. दिवा लागत होता, लागत होता. उजव्या बरगडीपाशी तो विझला. गुंडीने खडूने तिथे गोल काढला. फार तर रुपयाएवढा. तिला वाटलं, संपलं. पण काम अर्धवट सोडायचं नाही हे तिने दुकानात पाहिलेलं होतं, म्हणून ती तशीच पुढे गेली. डाव्या बरगडीपाशी दिवा पुन्हा विझला. दुसरा गोल.

दोन्ही गोल एकाच उंचीवर होते. मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर.

ती विचारात पडली. गरम पाण्याने मेलं असतं तर सगळंच मेलं असतं. औषध सांडलं तर एकीकडे सांडेल. बॅग पडली तर एकाच बाजूवर पडेल. घाम काय असा मोजूनमापून येतो?

दुकानाची घंटी वाजली आणि मास्तर आत आले. त्यांना बारा महिने सर्दी असते. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात हँगरला लावलेली प्लॅस्टिकची लांब पिशवी. “मी जेवून आलोय,” ते आतल्या खोलीकडे बघत मोठ्याने म्हणाले, पिशवी दांड्याला अडकवली आणि आत जाऊन जेवायला बसले.

इकडे गुंडीला काही सुचेना. आणि काही सुचत नसलं की तिचे हात आपोआप चालू होत. तिने जाकिटाची कॉलर हनुवटीखाली धरली, दोन्ही बाजू आत घेतल्या, मधोमध एकदा दुमडलं. घडी काउंटरवर ठेवली, आणि तिचं लक्ष गेलं. घडीच्या एका कोपऱ्यावर अर्धा पांढरा गोल होता. समोरच्या कोपऱ्यावर दुसरा.

तिने घडी उलगडली. पुन्हा घातली. पुन्हा तिथेच.

ती धावतच आत गेली. “कळलं मला. घडीमुळे मेलंय ते.”

“गुंडी,” बाबा म्हणाले. तापलेल्या इस्त्रीजवळ हात गेला की ते ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात.

पण गुंडीला समोर इस्त्री दिसत नव्हती. “बघा ना. बाजू आत घेतो ती एक घडी आणि मधोमध दुमडतो ती दुसरी. दोन्ही जिथे एकमेकींवरून जातात तिथेच तारा तुटल्यात, उभ्याही आणि आडव्याही. दोन्ही कोपऱ्यांत. गरम पाणी नाही, औषध नाही, बॅग नाही. तुम्ही कुणीच खरं...”

आणि मग तिने तोंडं पाहिली. सगळे आजोबांकडे बघत होते. आजोबा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते.

गुंडीला सगळं एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

“आण इकडे,” आजोबा म्हणाले.

तिने जाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. आजोबांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मग तिथेच नखाने थोडं दाबून पाहिलं. “मास्तर, हे असलं कापड घडी घालून ठेवतात?”

मास्तरांच्या तोंडात घास होता. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान खाली घातली. “टांगतात,” मास्तर घास गिळून म्हणाले.

“हे हिला सांगितलं होतंत?”

“पहिल्याच दिवशी.”

आजोबा आत्याकडे वळले. “मग?”

आत्याने टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने लांब ओढत नेला. “पहिल्यांदा बाहेर खेळायला गेले ना, तेव्हा बॅग तुम्ही भरून दिली होती. तिथे कपडे बदलायच्या खोलीत सगळ्याजणी मोठमोठ्याने बोलत होत्या. मला एकीचंही बोलणं कळेना. हात असे थरथरत होते की चेन लावता येईना. बॅग उघडली तर वर हे. कोपऱ्याला कोपरा. वाटलं, आपल्या काउंटरवरच ठेवलंय कुणीतरी. हात थांबले माझे. मग दर वेळी तुम्हीच घडी घालून देत होतात, आणि तिथे रात्री मीही तशीच घालून ठेवत होते. खोलीत खुंट्या असायच्या, अण्णा. मी नव्हते टांगत. मला माहीत होतं आणि मी नव्हते टांगत.” ती थांबली. “आणि तुमचा हात गेल्यावर तर काय सांगणार होते?”

“हात गेला. कान आहेत अजून.”

“अण्णा...”

“थांब. चौघांनी मिळून मला काचेचं भांडं करून ठेवलंत.” आजोबांचा आवाज चढला नव्हता, पण बाबा लहान मुलासारखे सरळ बसले. “आणि तू. म्हणे जरीचं कापड गरम पाण्यात धुतलं. एवढी वर्षं दुकान चालवून मी असं धुणारा मुलगा वाढवला, हे ऐकण्यापेक्षा माझी घडी चुकली हे ऐकणं परवडलं.”

काकाला हसू फुटलं. त्याने ते दाबलं, मग आईला फुटलं, आणि शेवटी बाबांनाही. आत्या हसता हसता डोळे पुसायला लागली, त्यामुळे गुंडीला हसावं की नाही ते ठरवता येईना.

“रेशमी झगे आपण टांगतोच की,” आजोबा अंगठ्याखालच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले. “हे तर धातूचं आहे, मला दिसत होतं. पण हातात कापड आलं की माझा हात शिवशिवतो. चूक तुझ्या एकटीची नाही.”

“मग ते पदक?” काकाने विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, उगीच विचारलं.

आजोबांनी दारातून खिळ्याकडे पाहिलं. “ते हिचं की माझ्या घडीचं, मला नाही सांगता यायचं.”

“मलाही नाही,” आत्या म्हणाली.

मास्तर शिंकले. “मला विचाराल तर तिचंच. पण मी तिचा मास्तर आहे. मला तसंच वाटणार.” मग ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “नाव मात्र कळवावं लागेल हो. तलवारबाजी मंडळाचं नवं जाकीट आणलंय मी. होय म्हण, नाही म्हण. पण आज म्हण.”

सगळे आपापल्या ताटांकडे बघत बसले.

गुंडी पुन्हा दुकानात गेली. दांड्यावरच्या पिशवीत हात घालून तिने नव्या जाकिटाला चिमटा लावला आणि टोक फिरवायला सुरुवात केली. वरून खाली, वरून खाली. इवलासा दिवा लागलेलाच राहिला. ती पाठ तपासत होती तेव्हा आत्या दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागे आजोबा, भिंतीला धरून.

“आत्या, ते जुने दिवे खरे होते की खोटे, ते आपल्याला कळणारच नाही?”

“नाही कळणार.”

“कधीच?”

“कधीच नाही, गुंडी.”

गुंडीने शेवटचा कोपरा तपासला. “पण हे सगळीकडे जिवंत आहे. यावर पांढरा लागला तर तो खरंच पांढरा असेल.”

“असेल. आणि मी हरले तर?”

गुंडीने नीट विचार केला. कुणी खरोखरचं काही विचारलं, की ती उगीच काहीतरी उत्तर देत नसे. “तर हरलीस हे तरी नक्की कळेल.”

मागून काका म्हणाला, “कुणाची पोर आहे ही?” आणि आईने त्याला गप्प केलं.

आत्या नव्या जाकिटाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तेव्हा गुंडी तिला जे येत होतं ते करायला लागली. ती काउंटरमागच्या स्टुलावर चढली, चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं, पेन्सिल कानामागून काढल्यासारखी काढली आणि तोंड बाबांसारखं केलं.

“नाव?”

आत्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते.

“सुई,” आत्या म्हणाली.

“कपडा?”

“जाकीट. जरीचं.”

“काय करायचं? धुणं, इस्त्री, घडी?”

“नुसतं टांगायचं.”

“कधी हवं?”

मास्तरही दाराशी येऊन उभे होते. त्यांनी रुमाल नाकाशी नेला होता तो तसाच राहिला.

“गुरुवारी,” आत्या म्हणाली. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाली, अगदी बाबांसारखीच, “गुरुवारी सकाळी. दुपारचं विमान असेल ना, मास्तर?”

मास्तर राहिलेली शिंक शिंकले आणि फोन काढून बाहेर गेले.

गुंडीने चिठ्ठी मधोमध फाडली आणि अर्धी आत्याच्या हातात दिली. दुसरी अर्धी टाचणीने कॉलरला लावणार, तोच ती थबकली. टाचणी ठेवून तिने दोरा घेतला आणि चिठ्ठी हँगरच्या आकड्याला बांधली. ज्या दांड्यावर तातडीचे कपडे असतात तिथे जाकीट अगदी पुढे लावलं, आणि शेजारचे दोन कोट दोन्हीकडे सरकवले, की त्याला कुणी रेटू नये.

मग ती खाली उतरली. जुनं जाकीट आतल्या टेबलावर ताटांच्या मधे पडलं होतं. ते तिने उचललं, खडूचे गोल बाहीने पुसले आणि आजोबांच्या डाव्या हातावर ठेवलं.

“हे आता कुणी घालणार नाही,” ती म्हणाली. “याला घडी चालेल.”

आजोबांनी कॉलर हनुवटीखाली धरली. एक बाजू आत, दुसरी बाजू आत, मधोमध एकदा. त्यांना वेळ लागला आणि कुणी मदतीला पुढे झालं नाही. घडी झाली तशी गुंडीने ती दोन्ही हातांवर घेतली, काउंटरजवळ पडलेली आत्याची बॅग उघडली, वायरी आणि पेचकस तळाशी सारले, आणि बॅग उघडल्या उघडल्या आधी तेच दिसेल असं जाकीट सगळ्यात वर ठेवून, कोपऱ्याला कोपरा आहे ना ते एकदा बघून, चेन ओढली.